आशियाई महिला चॅम्पियन्स लीगपर्यंत आपल्या मुली कशा पोचतील?

साक्री तालुक्यातल्या एका शाळेचे क्रीडाशिक्षक विचारतात : ‘नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगाल फुटबॉल क्लबच्या मुलींनी चीनमध्ये इराणचा क्लब हरवला. त्या सामन्यातले गोल मी आमच्या मुलींना मोबाइलवर दाखवले. तेव्हापासून रोज एकच धोशा : सर, आपन बी तठे जासूत का? ही आशियाची नवी स्पर्धा नेमकी आहे तरी काय? तिथे संघ जातो कसा? आणि आम्ही आमच्या मुलींचा क्लब नोंदवावा का? गावातले दोन-तीन जण त्यासाठी पैसे द्यायला तयार आहेत.’

सर, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यात लोकांचे पैसे आहेत. यंदा क्लब नोंदवू नका. जमलेला पैसा सामन्यांवर घाला. असं का म्हणते ते कळायला ही स्पर्धा कशी उभी राहिली आणि तिची रचना कशी आहे ते बघावं लागेल. थोडं पाल्हाळ होईल, पण मुलींनी विचारलं तर तुम्हालाही नीट सांगता येईल.

आशियात पुरुषांच्या क्लबांची खंडपातळीवरची स्पर्धा १९६७ साली सुरू झाली. महिलांच्या चॅम्पियन्स लीगसाठी २०२४ उजाडावं लागलं. मधे ५७ वर्षं गेली. युरोपने महिला क्लबांची स्पर्धा २००१ मध्ये, दक्षिण अमेरिकेने २००९ मध्ये आणि आफ्रिकेने २०२१ मध्ये चालू केली होती. आशियाई फुटबॉल महासंघाची मात्र नुसती चाचपणीच चालली होती. २०१९ मध्ये दक्षिण कोरियात चार क्लबांची प्रायोगिक स्पर्धा झाली, २०२१ मध्ये जॉर्डनच्या अकाबा शहरात पुन्हा चारच क्लब खेळले. अकाबाला आपल्याकडून केरळचा गोकुलम क्लब गेला होता. दोन सामने हरला, पण उझबेकिस्तानच्या बुन्योदकोरला त्याने ३–१ हरवलं आणि त्यात पंजाबच्या मनीषा कल्याणने गोल केला.

पुढच्या वर्षी जे झालं ते मुलींना सांगाच. ऑगस्ट २०२२ मध्ये गोकुलमचा संघ पुढच्या स्पर्धेसाठी ताश्कंदला उतरला आणि नेमक्या त्याच वेळी फिफाने भारतीय फुटबॉल महासंघावर बंदी घातली. कारण काय, तर महासंघाच्या कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप. मुलींचा काडीचाही संबंध नव्हता. बूट बांधून तयार असलेला संघ हॉटेलात बसून राहिला. २६ ऑगस्टला बंदी उठली, तोवर त्यांची स्पर्धा हातची गेली होती. संघटनेतल्या दोन गटांचं जमत नाही म्हणून जिल्ह्याची निवड चाचणी पुढे ढकलली जाते तेव्हा मला हमखास ताश्कंदच्या त्या मुली आठवतात. वरच्या माणसांचं भांडण आणि खालच्या मुलीचं वर्ष वाया, हे धुळ्यातही होतं आणि फिफाचं मुख्यालय असलेल्या झुरिकमध्येही.

असो. २०२३-२४ मध्ये निमंत्रितांची एक मोठी स्पर्धा झाली, जपानच्या उरावा रेड डायमंड्सने ती जिंकली आणि २०२४-२५ पासून रीतसर चॅम्पियन्स लीग सुरू झाली. रचना साधी आहे. आशियातल्या देशांची क्रमवारी लावतात. वरच्या देशांचे विजेते क्लब थेट गटसाखळीत येतात, बाकीच्यांना प्राथमिक फेरीतून यावं लागतं. प्राथमिक फेरीत तीन-चार क्लबांचा एक गट एकाच गावी जमतो आणि गटातला पहिला पुढे जातो. गटसाखळीत १२ क्लब असतात, चार-चारचे तीन गट, आणि प्रत्येक गटाचे सगळे सामने एकाच यजमानाकडे. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या आलेल्यांपैकी बरे दोन असे आठ जण उपांत्यपूर्व फेरीत. तिथून पुढे बाद पद्धत. पहिलं विजेतेपद चीनच्या वुहान क्लबने घेतलं. २४ मे २०२५ ला घरच्या मैदानावर मेलबर्न सिटीशी १–१ बरोबरी झाली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये निकाल लागला. विजेत्याला १० लाख अमेरिकी डॉलर मिळतात. पुरुषांच्या वरच्या स्पर्धेत हाच आकडा १ कोटी आहे. फरक डोळ्यात भरतो, पण महिलांच्या क्लब फुटबॉलमध्ये आशियात एवढी रक्कम याआधी कुणी लावलेली नव्हती, हेही खरं.

भारतातून जाण्याचा रस्ता एकच, इंडियन वुमेन्स लीग म्हणजे देशातली महिलांची सगळ्यात वरची लीग जिंकायची. २०२३-२४ ची लीग ओडिशा एफसीने जिंकली, म्हणून पहिल्या चॅम्पियन्स लीगला ते गेले. २०२४-२५ ची ईस्ट बंगालने जिंकली, म्हणून दुसऱ्या वर्षी ते.

आता या रचनेतली जी गोष्ट माझ्या मते आपल्या कामाची आहे तिच्याकडे वळते. प्राथमिक फेरीत येणारा सगळ्यात दुबळा क्लबसुद्धा किमान दोन सामने खेळतो. गटसाखळीत पोचला की किमान तीन. पहिला सामना आठ गोलांनी हरलात तरी तीन दिवसांनी दुसरा सामना असतोच. विमानखर्च, हॉटेल, पंच, डॉक्टर असा सगळा डोलारा उभा करूनही आयोजकांनी सुरुवात बाद पद्धतीने केली नाही. कोणताही क्लब एवढ्या लांबून येऊन नव्वद मिनिटांत परत जाऊ नये, एवढं त्यांनी बघितलं.

आणि आपण काय करतो? जुलै-ऑगस्टमध्ये तालुका स्पर्धा. बाद पद्धत. दिवस एक, मैदान एक, संघ दहा-बारा, म्हणून सामना जेमतेम अर्ध्या तासाचा. पाऊस पडून गेलेला असतो, काळी माती बुटाला अशी चिकटते की दहाव्या मिनिटाला पाय उचलत नाही. गोलला जाळी नसते. गेल्या पावसाळ्यातल्या एका सामन्यात तेराएक वर्षांची गोलकीपर होती. प्रत्येक गोलनंतर चेंडू मागच्या बाभळीच्या कुंपणात जायचा आणि तो काढायला तीच जायची. सहाव्या गोलनंतर तिचा हात ओरबाडलेला होता आणि तरी ती धावतच जात होती, कारण वेळ कमी आहे हे तिला कळत होतं. बाकीच्या दहा जणी सेंटरला उभ्या. अकरा वाजता सामना संपला, साडेअकराला मुली जीपमध्ये बसल्या. त्या मुलीचा फुटबॉलचा हंगाम तिथेच संपला. पुढचा सामना पुढच्या जुलैत, आणि तोवर ती दहावीत गेलेली असेल तर घरचे ‘आता पुरे’ म्हणणार.

तिला गोलकीपिंग येत नाही असं आपण म्हणतो. कुठून येणार?

आता हाच हिशेब वर नेऊ. ओडिशाचा संघ ऑगस्ट २०२४ मध्ये जॉर्डनला प्राथमिक फेरी खेळला, तिथे सिंगापूरच्या लायन सिटी सेलर्सला आणि यजमान इतिहादला हरवून गटसाखळीत गेला. इथवर छान. ऑक्टोबरमध्ये व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटीत गटाचे सामने झाले. तिन्ही हरले आणि उरावाविरुद्ध निकाल लागला ०–१७. आपल्या देशाची विजेती टीम, सतरा गोल! त्या दिवशी बऱ्याच जणांनी मुलींना नावं ठेवली. मला वाटतं नावं ठेवायचीच असतील तर वेळापत्रकाला ठेवावीत. ओडिशाने जी लीग जिंकली तिच्यात सात संघ होते. घरी एक आणि बाहेर एक असे प्रत्येकाचे १२ सामने. तेही त्याच वर्षी सुरू झालं होतं, त्याआधी तर सगळ्यांना एका शहरात जमवून काही आठवड्यांत लीग उरकायचे. उरावाच्या मुली जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळतात. तिथे १२ संघ, म्हणजे लीगचेच २२ सामने. शिवाय लीग कप वेगळा आणि महाराणीच्या नावाचा राष्ट्रीय चषक वेगळा. आणि त्या बावीसच्या मागे शाळेपासूनच्या लीगची दहा-बारा वर्षं.

सामने जास्त खेळल्याने नेमकं काय येतं, ते तुम्हाला सरावातही दिसेल. आपल्या मुलीकडे चेंडू येतो तेव्हा ती चेंडूकडे बघते. चेंडू पायात आला की थांबवते, मग मान वर करते, मग पास कुणाला द्यायचा ते शोधते. तोवर समोरची अंगावर आलेली असते. जपानी मिडफिल्डरची नुसती मान बघा. चेंडू तिच्याकडे यायला निघण्याआधी ती एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघून घेते. चेंडू येतो तेव्हा पुढचा पास ठरलेला असतो. पहिला स्पर्श थांबवायला नसतो, वळवायला असतो. हे मैदानात प्लॅस्टिकचे शंकू ठेवून कवायतीने थोडंफार शिकवता येतं, पण अंगात भिनतं ते अंगावर येणारी खरी प्रतिस्पर्धी असेल तेव्हाच. वर्षाला दोन सामने खेळणाऱ्या मुलीला मान वळवायची सवय कधी लागणार?

ईस्ट बंगालकडे येऊ, कारण तुमच्या मुलींच्या डोक्यात तेच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कंबोडियात फ्नॉम पेन्ह क्राउनला १–० हरवून आणि हाँगकाँगच्या किचीशी १–१ बरोबरी करून ते गटसाखळीत आले. वुहान शहरात पहिल्याच सामन्यात त्यांनी इराणच्या बाम खातून क्लबला ३–१ हरवलं. या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. शिल्की देवी, फाझिला इक्वापुट आणि रेस्टी नानझिरी यांनी गोल केले. पुढे यजमान वुहानकडून ०–२ आणि उझबेकिस्तानच्या नसाफकडून ०–३ असे हरून ते बाहेर पडले. सतरा गोलांच्या पुढच्याच वर्षी हे झालं म्हणून मलाही आनंद आहे, पण हुरळून जाऊ नका. इक्वापुट आणि नानझिरी दोघीही युगांडाच्या. प्रशिक्षक अँथनी अँड्र्यूज हे आधी गोकुलमला विजेतेपदं मिळवून दिलेले, म्हणजे कोलकात्याच्या क्लबने आयती अनुभवी माणसं आणली. त्यात गैर काही नाही, जगभर असंच चालतं. मला महत्त्वाची वाटते ती मणिपूरची शिल्की. ती २०२२ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी तयार झालेल्या मुलींपैकी. त्या तुकडीला महिनोन्‌महिने शिबिर मिळालं, परदेशी संघांशी सामने मिळाले. विश्वचषकात ती तुकडी तिन्ही सामने हरली, ब्राझील आणि अमेरिकेसारख्यांनी धुतलं. पण त्यातून तयार झालेल्या मुली आज क्लबांमध्ये दिसतात.

तर साक्रीहून वुहानला जायचा जिना असा : जिल्हा संघटना, मग आपली राज्य संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, जिला सगळे विफा म्हणतात, तिची महिला लीग. तिथून इंडियन वुमेन्स लीग टू, तिथून वरची इंडियन वुमेन्स लीग, आणि ती जिंकली की आशिया. लीग टू २०२४ मध्येच सुरू झाली. पहिल्याच वर्षी कोलकात्याचा श्रीभूमी आणि ओडिशाची नीता फुटबॉल अकादमी वर चढले. म्हणजे दार उघडं आहे, नुसतं कागदावर नाही. महाराष्ट्रातून कोल्हापूर सिटी आणि मुंबईचं केंकरे वरच्या लीगमध्ये खेळून आले आहेत. खानदेशातून कुणी नाही. भुसावळला रेल्वेच्या मैदानांवर फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, पण तो मुलांचा.

क्लब म्हटला की वर परवाना लागतो. त्याचे निकष पाच प्रकारचे : खेळ, मैदान, माणसं, कायदा आणि पैसा. वयोगटांचे संघ आहेत का, प्रशिक्षकाकडे लायसन्स आहे का, करारपत्रं आहेत का, हिशेब तपासलेले आहेत का, सगळं बघतात. वरच्या लीगमधल्या क्लबांनी किमान १० भारतीय मुलींशी वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचा करार करावा, असंही महासंघाने २०२३ मध्ये ठरवलं. तुमच्या गावातले दोन-तीन दाते मनाने कितीही मोठे असले तरी हे त्यांच्या आवाक्यातलं नाही, आणि आज त्याची गरजही नाही.

बरं, वरचं सोडा, नुसती राज्य लीग धरा. नोंदणी, किट, मुंबई-पुण्याच्या फेऱ्या, राहणं, सोबत महिला शिक्षिका. एवढं करून मुली पहिल्या सामन्यात मुंबईच्या संघाकडून बारा गोल खाऊन येणार, कारण समोरच्या मुली वर्षभर खेळतात. मी असे क्लब बघितले आहेत. नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लागतं, वर्तमानपत्रात उद्घाटनाचा फोटो येतो आणि दुसऱ्या वर्षी संघ नसतो. दाते परत दारात उभे करत नाहीत.

म्हणून म्हणते, आशियाच्या स्पर्धेकडून पैसा आणि झगमगाट उचलता येणार नाही, पण तिची पद्धत उचला. साक्री, पिंपळनेर, दहिवेल आणि निजामपूर, चार गावं, चार शाळा. प्रत्येकीशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्याकडे, एकदा त्यांच्याकडे. चार संघांत सगळे मिळून १२ सामने होतात आणि प्रत्येक मुलीच्या वाट्याला ६ येतात. शाळेच्या स्पर्धेतल्या दोनाच्या वर हे सहा. अकरा जणी जमत नसतील तर सात-सात खेळवा, लहान मैदानावर. त्यात चेंडू पायाला जास्त वेळा लागतो आणि गोलकीपरला फक्त बघत उभं राहावं लागत नाही. सामना पूर्ण वेळाचा खेळवा, वीस-वीस मिनिटांचे दोन भाग तरी. कुणी बाद होणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगा.

वेळ कुठली? इथे आपल्याकडची शेती बघावी लागते. जून ते सप्टेंबर काळी माती खेळू देत नाही आणि शाळेच्या स्पर्धा तेव्हाच असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापूस वेचायला मुली शेतात असतात, सुट्टीत तर नक्कीच. दिवाळीनंतर पश्चिम पट्ट्यातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. ज्यांच्या मुली वसतिगृहात राहतात त्या राहतात, बाकीच्या आई-बापाबरोबर जातात. मार्च लागला की ऊन चढतं आणि परीक्षाही येतात. उरतात डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. शनिवारी सकाळची शाळा असते, ती सुटली की सामना. जमीन टणक असते, हवा थंड असते. मैदानात भेगा असतील तर आधी मुरूम टाकून रोलर फिरवून घ्या. भेगेत पाय अडकून गुडघा फिरला तर मुलगी वर्षभर घरी बसते. ग्रामपंचायतीकडे रोलर नसतो, रस्त्याच्या ठेकेदाराकडे असतो. दात्यांपैकी एखादा त्याच्या ओळखीचा निघेलच.

पैसे कुठे जातील तेही सांगते. जाण्यायेण्याची जीप, चार चांगले चेंडू, दोन गोलजाळ्या (ती बाभळीची गोष्ट आठवा), गोलकीपरचे हातमोजे, एक प्रथमोपचार पेटी, आणि पंचाला मानधन. पंच शेजारच्या शाळेचा नको, बाहेरचा हवा, नाहीतर तिसऱ्या सामन्याला भांडण ठरलेलं. ट्रॉफीवर जास्त खर्च करू नका. उद्घाटनाला पुढाऱ्याला बोलवायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. रोलर हवा असेल तर बोलवावं लागेल.

गुडघ्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. वयात येणाऱ्या मुलींचे गुडघ्याचे लिगामेंट मुलांपेक्षा जास्त तुटतात, हे जगभर दिसलं आहे. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वॉर्मअप आहे, वीस मिनिटांचा, साहित्य काही लागत नाही. एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न पडू देता उतरणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम. नॉर्वेत किशोरवयीन मुलींच्या संघांवर त्याचा अभ्यास झाला आणि दुखापती बऱ्याच कमी झाल्या. मुली कंटाळतात, तरी करून घ्या. दुसरं, हंगामाआधी ग्रामीण रुग्णालयात सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. ‘दम लागतो’ म्हणणारी मुलगी आळशी असते असं नाही, तिच्या अंगात रक्त कमी असू शकतं. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. दोन महिन्यांत फरक दिसतो.

कपड्यांचा वाद होणार हे गृहीत धरा. ‘हाफ पँट घालून पोरीले मैदानात?’ असं कुणीतरी म्हणेलच. त्याच्याशी वाद घालू नका. बाम खातूनच्या सामन्याचा फोटो दाखवा. इराणच्या त्या मुली डोकं झाकून, हातपाय पूर्ण झाकून आशियाची चॅम्पियन्स लीग खेळतात. डोक्यावरच्या वस्त्राला खेळाच्या नियमांनी २०१४ पासून परवानगी आहे. आपल्या मुलींनी लेगिंगवर शॉर्ट घातली तर काय बिघडलं? बाप गप्प बसतो, हा माझा अनुभव आहे. आजी नाही बसत, पण आजीला समजवायला मुलगी पुरेशी असते.

कागदपत्रांचं काम मात्र आजच हाती घ्या. आपल्याकडे शाळेत निम्म्या मुलींची जन्मतारीख १ जून असते, का ते तुम्हाला ठाऊकच आहे. पुढे महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत खेळाडूचा ओळख क्रमांक काढायचा असतो, तिथे जन्मदाखला आणि आधार जुळावे लागतात. वयोगटाच्या स्पर्धांत शंका आली तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. चांगली खेळणारी मुलगी एका तारखेपायी बाहेर बसलेली बघवत नाही. ग्रामपंचायतीतून दाखले काढून घ्या, आधार दुरुस्त करून घ्या, हे सामन्यांइतकंच महत्त्वाचं आहे.

आता मुलींच्या मूळ प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? साक्रीचा क्लब आशियात जाईल का, तर तुमच्या-माझ्या हयातीत अवघड. साक्रीची मुलगी जाईल का, हा प्रश्न वेगळा आहे. इंडियन वुमेन्स लीगमधल्या मुली त्यांच्या गावच्या क्लबकडून खेळत नाहीत. मणिपूर, हरियाणा, झारखंड, तमिळनाडूतल्या खेड्यांतून त्या कुठल्याकुठे जाऊन खेळतात. मुलीला तिथवर न्यायला क्लबपेक्षा निवड चाचणीत उभं राहण्याइतका खेळ लागतो. जिल्हा चाचणी, राज्याचा सब-ज्युनिअर आणि ज्युनिअर संघ, राष्ट्रीय स्पर्धा. तिथे वेगवेगळ्या क्लबांचे लोक बघायला येतात. सतरा वर्षांखालच्या मुलींसाठी सुब्रतो कप ही शाळांची देशपातळीवरची स्पर्धा आहे, त्यात तालुका, जिल्हा, नाशिक विभाग, राज्य असं चढता येतं. लहान मुलींसाठी खेलो इंडियाच्या अस्मिता लीग होतात, त्यांची चौकशी क्रीडा अधिकारी कार्यालयात करत राहा. नुसतं पत्र पाठवून भागत नाही, जाऊन बसावं लागतं.

आज तेरा वर्षांची असलेली मुलगी बावीसची होईल तेव्हा ही चॅम्पियन्स लीग दहा-अकरा वर्षांची झालेली असेल. फिफाही २०२८ मध्ये महिलांचा क्लब विश्वचषक भरवायच्या तयारीत आहे, म्हणजे वरच्या जागा वाढणारच. पालकांना एवढ्या लांबचं सांगून उपयोग नाही. त्यांना दहावीचे क्रीडा गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण सांगा. त्यासाठी मुलगी मैदानात आली तरी माझी काही हरकत नाही.

शेवटचं काम म्हणजे एक वही घाला. प्रत्येक सामन्यात कोणती मुलगी कुठल्या जागी, किती मिनिटं खेळली, एवढंच लिहायचं. गोल किती झाले ते सगळ्यांच्या लक्षात राहतं, मिनिटं कुणाच्या राहत नाहीत. बाकावर बसणारी मुलगी सलग दोन शनिवार खेळलेली नाही हे वहीतच दिसेल, आणि तिला तिसऱ्या शनिवारी उतरवायला तुम्हाला कारण मिळेल. जिल्हा चाचणीला मुली घेऊन जाल तेव्हा निवड समितीपुढे तीच वही ठेवा. फेब्रुवारी संपला की दात्यांनाही तीच दाखवा. पंधरा मुलींनी प्रत्येकी किमान चार सामने पुरे खेळलेले असतील, चारही शाळा पुढच्या वर्षी परत यायला तयार असतील आणि तुमच्याशिवाय दुसरं कुणीतरी जीप ठरवायला लागलं असेल, तर जूनमध्ये विफाच्या नोंदणीचे कागद मागवा. नसेल तर त्याच पैशात दुसरा हंगाम करा.